खिडकी हटली, तपासणी घरी आली

बोईसर किंवा पालघरच्या बाजारात झेरॉक्सच्या दुकानाबाहेरची पाटी वाचली, की गावाच्या गरजा कळतात. आधार दुरुस्ती, पॅनकार्ड, सातबारा, वीजबिल, रेल्वे आरक्षण, लॅमिनेशन. आणि या यादीच्या शेपटाला आता ‘पासपोर्ट, व्हिसा’. परदेशवारी ही एकेकाळी आखातात नोकरीला जाणाऱ्याची किंवा अमेरिकेतल्या लेकीच्या बाळंतपणाला जाणाऱ्या आईची गोष्ट होती. आज तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतला सुपरवायझर दिवाळीच्या सुट्टीत बायकोमुलांना घेऊन व्हिएतनामला जायचे ठरवतो आणि त्यासाठी त्याला मुंबईला एकही खेप घालावी लागत नाही. फोटो मोबाइलवर, पासपोर्टचे पान मोबाइलवर, शुल्क कार्डावर आणि मंजुरी ई-मेलने. याला सगळे ‘व्हिसा सोपा झाला’ म्हणतात. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. ई-व्हिसाने परवानगीचा रस्ता जवळ आणला यात वाद नाही, पण तपासणीचे काम त्याने कमी केलेले नाही, फक्त वाटून दिले आहे. दूतावासातला कारकून जे करत असे त्यातले अर्धे आता अर्जदार स्वतः करतो, उरलेल्यातले बरेचसे विमानकंपनीचा काउंटर करतो, आणि चूक झाली तर तिची किंमत जवळजवळ पूर्णपणे अर्जदाराच्या खात्यावर पडते. ही वाटणी ज्याला कळली त्याला ई-व्हिसा खरोखरच सोपा आहे. ज्याला कळली नाही त्याचे काय होते, ते विमानतळावर कळते.

जुन्या पद्धतीचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. बोईसरहून चर्चगेट शंभरएक किलोमीटर. डहाणूपर्यंत लोकल धावू लागली ती २०१३ मध्ये. त्याआधी मेमू, शटल नाहीतर लांब पल्ल्याच्या गाडीत उभे राहून माणूस मुंबई गाठायचा. वकिलातीच्या दारात रांग, एक कागद कमी पडला की दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच गाडी, आणि रजा टाकलेली ती वेगळीच. या रांगेतूनच एक धंदा उभा राहिला. व्हिसाचे अर्ज गोळा करण्याचे काम वकिलातींनी बाहेरच्या कंपनीकडे द्यायचे, ही आज जगभर पसरलेली पद्धत रुजली ती आपल्या मुंबईत. व्हीएफएस ही कंपनी २००१ मध्ये अमेरिकी वकिलातीच्या कामापासून इथेच सुरू झाली. म्हणजे खिडकीवरचे सरकार आधी कंत्राटदाराच्या खिडकीवर आले आणि तिथून आपल्या पडद्यावर. ई-व्हिसा ही या प्रवासाची पुढची पायरी आहे, आणि प्रत्येक पायरीला कामाचा थोडा भार यजमान देशाच्या अंगावरून उतरून दुसऱ्याच्या अंगावर चढला आहे.

परवानगीचा कागद आधी घ्या, मग निघा, ही कल्पना आपल्या किनाऱ्याला नवी नाही. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने पोर्तुगिजांशी तह करून वसई त्यांच्या हवाली केली. त्या तहात तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजरातच्या जहाजांनी वसईला येऊन परवाना घ्यावा आणि परतताना तिथेच जकात भरावी, अशी अट होती. या परवान्याला पोर्तुगीज ‘कार्ताझ’ म्हणत. त्यावर नाखव्याचे नाव, जहाजाचा आकार, खलाशी, शस्त्रे, कुठून कुठे जायचे हे सारे लिहिलेले असे. परवान्याची फी किरकोळ असे, पण तो घ्यायला बंदरात यावे लागे आणि आले की जकात चुकत नसे. खरा हेतू तोच होता. कागदात चूक असली किंवा कागदच नसला, तर जहाज समुद्रात पकडले जाई आणि नुकसान मालकाचे. पुढे अकबराच्या जहाजांनाही मक्केच्या वाटेवर हा परवाना घ्यावा लागला. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत जानेवारीत तारापूर आणि मे महिन्यात वसई मराठ्यांकडे आली आणि या किनाऱ्यावरची पोर्तुगीज सत्ता संपली. पण तोवर आंग्र्यांनीही आपली दस्तके द्यायला सुरुवात केलेली होती! सत्ता बदलली तरी कागद राहिला, कारण आपण स्वतः समुद्रावर हेलपाटे घालण्यापेक्षा प्रवाशालाच निघण्याआधी माहिती द्यायला लावणे प्रत्येक सत्तेला स्वस्त पडते. ई-व्हिसाचा हिशेबही हाच आहे.

इलेक्ट्रॉनिक परवानगीची सुरुवात ऑस्ट्रेलियाने १९९६ मध्ये केली. गंमत अशी, की ती ज्या देशांच्या नागरिकांसाठी होती त्यांत भारत नव्हता, आजही नाही. अमेरिकेने जानेवारी २००९ पासून तशीच ऑनलाइन पूर्वपरवानगी बंधनकारक केली, तीही व्हिसा न लागणाऱ्या श्रीमंत देशांच्या लोकांना. बोईसरचा माणूस अमेरिकेसाठी अजून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीतच उभा राहतो. भारतीयांच्या वाट्याला ऑनलाइन अर्ज आला तो पर्यटकांवर डोळा ठेवून असलेल्या देशांकडून: श्रीलंका २०१२, तुर्कस्तान २०१३, अझरबैजान आणि व्हिएतनाम २०१७. आपल्या सरकारनेही नोव्हेंबर २०१४ मध्ये ४३ देशांच्या पर्यटकांसाठी हीच सोय सुरू केली आणि पुढे ती दीडशेहून जास्त देशांपर्यंत वाढवली. ज्याला पाहुणा हवा आहे तो दार ऑनलाइन उघडतो. ज्याला पाहुणा परत जाईल की नाही याची शंका आहे, तो अजून समोर बसवून प्रश्न विचारतो. सोपेपणा तंत्रज्ञानातून आलेला नाही, यजमानाच्या गरजेतून आला आहे, आणि गरज बदलली की तो काढूनही घेता येतो.

आता अर्जाकडेच वळू. व्हिएतनामचा घ्या, कारण २०२२ मध्ये मुंबईहून थेट विमाने सुरू झाल्यापासून इकडच्या सहलवाल्यांच्या यादीत तो वर आला आहे. ऑगस्ट २०२३ पासून हा व्हिसा ९० दिवसांपर्यंत मिळतो. एका प्रवेशाचे शुल्क २५ डॉलर, अनेक प्रवेशांचे ५०, आणि अर्ज नाकारला तरी पैसे परत नाहीत. फोटो आणि पासपोर्टचे पान चढवायचे, कोणत्या विमानतळावर उतरणार ते निवडायचे, मुक्कामाचा पत्ता लिहायचा. एवढेच. पण खिडकीवरचा कारकून पासपोर्ट हातात घेऊन नाव स्वतः टंकत असे. इथे ते तुम्ही टंकता आणि यंत्र ते जसेच्या तसे मंजुरीपत्रावर उतरवते. भारतीय पासपोर्टचा क्रमांक म्हणजे एक अक्षर आणि सात आकडे. त्यात एक आकडा इकडचा तिकडे झाला, तर मंजुरी मिळते ती अस्तित्वात नसलेल्या पासपोर्टाला. महिना आधी की दिवस आधी, हा दुसरा खड्डा. पाच मार्च आणि तीन मे या दोन्ही तारखा खऱ्याच असतात, त्यामुळे यंत्राला चूक दिसत नाही. अशी दुरुस्ती बहुतेक ठिकाणी नव्या अर्जाने आणि नव्या शुल्कानेच होते.

नावाचा प्रश्न तर खास आपला. मराठी नाव तीन पदरी असते: स्वतःचे, वडिलांचे किंवा नवऱ्याचे, आणि आडनाव. जगभरचे फॉर्म दोनच खाने देतात. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे वारली चित्रकार पद्मश्री जिव्या सोमा मशे यांची चित्रे १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या प्रदर्शनात होती. त्यांच्यासारखे नाव या फॉर्ममध्ये भरायचे तर ‘सोमा’ कुठे जाणार? उत्तर तर्काने काढायचे नाही, पासपोर्टात बघायचे. पासपोर्टच्या ‘दिलेले नाव’ या ओळीत जे छापले आहे ते सगळे त्याच खान्यात, आणि शंका आली तर त्या पानाच्या तळाशी बाणासारख्या खुणांनी भरलेल्या दोन ओळी असतात त्यांवरून, कारण विमानतळावरचे यंत्र त्याच वाचते. ज्यांच्या पासपोर्टात आडनावाची जागा कोरीच आहे त्यांची अडचण याहून मोठी. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये एकच नाव असलेल्या पासपोर्टावर पर्यटकांना प्रवेश बंद केला. नंतर शेवटच्या पानावर वडिलांचे किंवा घराण्याचे नाव असल्यास चालेल, असा खुलासा झाला. शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी आडनाव लिहायचे राहून गेलेले असेल, आणि त्याची अडचण चाळीस वर्षांनी दुबईच्या सहलीत उभी राहील.

पालघरकरांना यात जिल्ह्याची एक जास्तीची गाठ आहे. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. तोवर हे आठही तालुके ठाणे जिल्ह्यात होते. त्यामुळे पन्नाशीच्या माणसाच्या जन्मदाखल्यावर जिल्हा ठाणे, आधारवर पालघर, आणि शाळा सोडल्याचा दाखला पुन्हा ठाण्याचा. प्रौढांचा पासपोर्ट दहा वर्षे चालतो, म्हणजे जिल्हा होण्याआधी काढलेले पासपोर्ट आता मुदत संपून गेलेले आहेत आणि नूतनीकरणात पत्ता बदललेला असण्याची शक्यता मोठी आहे. तरी अर्जातला ‘जन्मस्थान’ हा खाना माणूस मनाने भरतो: कोणी ठाणे, कोणी पालघर, कोणी नुसतेच गावाचे नाव. परदेशातल्या यंत्राला आपला जिल्हा कधी दुभंगला याच्याशी देणेघेणे नाही. पासपोर्टात जे छापले आहे तेच तिथे लिहायचे, मग ते आजच्या नकाशाशी जुळो न जुळो. खिडकीवर एखादा अनुभवी माणूस असता तर त्याला हे दोन वाक्यांत सांगता आले असते. फॉर्मला ऐकता येत नाही.

वाटणीतला दुसरा वाटेकरी विमानकंपनी. १९४४ च्या शिकागो कराराच्या नवव्या परिशिष्टानुसार प्रवाशाकडे पुढच्या देशाचे कागद आहेत याची खबरदारी विमानकंपनीने घ्यायची असते. आपल्याकडे २००० सालच्या वाहक-दायित्व कायद्याने, कागद नसलेला प्रवासी भारतात आणणाऱ्या कंपनीला एक लाख रुपयांचा दंड ठेवला होता. २०२५ मध्ये परदेशी नागरिकांविषयीच्या नव्या कायद्याने त्या कायद्याची जागा घेतली. असे दंड जगभर आहेत. त्यामुळे मुंबई विमानतळावर सामान घेणाऱ्या मुलीसमोर एक जागतिक माहितीकोश उघडा असतो आणि त्यात जे लिहिले आहे त्याच्याशी तुमचा कागद जुळला नाही, तर ती तुम्हाला विमानात बसू देत नाही. ती वकिलातीची अधिकारी नाही, तिला अपवाद करण्याचा अधिकार नाही, आणि तिच्या निर्णयावर तासाभरात अपीलही नाही. पूर्वी नकार आठवडाभर आधी, वांद्र्याला किंवा नरिमन पॉइंटला मिळायचा. आता तो विमान सुटण्याच्या दोन तास आधी मिळतो, तेव्हा हॉटेल, तिकिटे, सहलीचे पैसे सगळे भरून झालेले असतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: मग एजंट कशाला आहेत? द्या त्याच्याकडे, तो भरेल. हा आक्षेप मी हलका समजत नाही. काही ठिकाणी एजंटवाचून गत्यंतरच नाही. सिंगापूरचा व्हिसा ई-मेलने पीडीएफमध्ये येतो, पण भारतातल्या पर्यटकाला त्यासाठी अधिकृत एजंटमार्फतच जावे लागते. जपानने १ एप्रिल २०२४ पासून भारतातल्या पर्यटकांना ई-व्हिसा सुरू केला, पण कागद द्यायचे ते व्हिसा केंद्रावरच. म्हणजे ‘ई’ हे अक्षर व्हिसाला लागले, अर्जाला लागले नाही. शिवाय इंग्रजी फॉर्म आणि डॉलरमध्ये पैसे घेणारे कार्ड ही दोन कुंपणे अजून अनेकांना ओलांडता येत नाहीत. एजंट हवाच. प्रश्न आहे तो हाती काय येते याचा. एजंटने नाव चुकीचे टंकले तर अर्जावर तुमचे नाव असते, त्याचे नसते. अर्जाच्या शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ या ओळीसमोर खूण त्याने केलेली असते, पण जबाबदारी तुमची. त्याने आपला ई-मेल दिलेला असेल तर यजमान देशाने काही विचारले तरी ते तुम्हाला कळत नाही. म्हणून काम द्यावे, पण ई-मेल स्वतःचा द्यावा, आणि ‘पाठवा’ हे बटण दाबण्याआधी भरलेला फॉर्म पासपोर्ट हातात धरून अक्षर अक्षर ताडून पाहावा. खिडकीवरच्या कारकुनाचे उरलेले काम ते हेच, आणि ते पंधरा मिनिटांत होते.

एजंटच्या सोबतीने आणखी एक जमात आहे: सरकारी संकेतस्थळासारखेच दिसणारे, त्याच रंगाचे, त्याच राजमुद्रेसारखी मुद्रा लावलेले खासगी संकेतस्थळ. यातली काही सरळ फसवतात. बरीचशी फसवत नाहीत, नुसतीच दामदुप्पट घेतात. आगमनाचे कार्ड फुकट असते तिथेही पैसे मागितले जातात. सिंगापूरच्या प्रशासनाने याबद्दल वारंवार इशारे दिले आहेत. पण सरकारे स्वतः तरी स्वच्छ आहेत का? श्रीलंकेने एप्रिल २०२४ मध्ये आपली ऑनलाइन व्हिसा व्यवस्था खासगी कंपन्यांच्या गटाकडे दिली. खर्च वाढला, कंत्राट कसे दिले यावर आणि प्रवाशांच्या माहितीचे काय होणार यावर याचिका झाल्या, आणि ऑगस्टमध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवून जुनी व्यवस्था परत आणायला लावली. अर्जात आपण पासपोर्ट, फोटो, पत्ता, नोकरी देतो. ते कोणाच्या कपाटात जाते हा प्रश्न बोईसरच्या अर्जदाराने विचारला तर त्याला भित्रा म्हणू नये.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे: खिडकीवर तरी कुठे न्याय होता? नव्हताच. युरोपातल्या शेंगेन देशांकडे २०२४ मध्ये भारतातून ११ लाखांहून जास्त अर्ज गेले आणि त्यातले सुमारे १ लाख ६५ हजार नाकारले गेले; त्या वर्षी जूनपासून शुल्क ८० ऐवजी ९० युरो झाले, तेही परत न मिळणारे. खिडकी, बोटांचे ठसे, बँकेचे उतारे, सगळे करून हे. त्यापुढे २५ डॉलरचा ऑनलाइन अर्ज कितीतरी माणुसकीचा. मान्य. खिडकी परत आणा असे मी म्हणतच नाही. माझा मुद्दा एवढाच, की समोर माणूस असताना नकाराला निदान कारणाचा कागद मिळत होता; ऑनलाइन अर्जाला अनेकदा एक ओळ येते आणि तिला उलट विचारायची जागा नसते. शिवाय ऑनलाइन दार सर्वांना सारखे उघडत नाही. तुर्कस्तानचा ई-व्हिसा भारतीयाला मिळतो तो त्याच्याकडे अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा वैध व्हिसा वा निवासपरवाना असेल तरच. म्हणजे ज्याने खिडकीवरची परीक्षा आधीच पास केली त्याला दुसरी परीक्षा घरबसल्या, आणि ज्याने पहिल्यांदाच पासपोर्ट काढला त्याला रांग. एजंटच्या जाहिरातीत ‘तीन मिनिटांत व्हिसा’ असते. ही अट कुठे असते, ते शोधावे लागते.

तिसरा आक्षेप थोडक्यात निकालात काढता येतो. व्हिसाच जातोय, मग एवढी चर्चा कशाला? थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि मलेशियाने त्या डिसेंबरमध्ये भारतीयांना व्हिसामाफी दिली, हे खरे. पण मलेशियाने लगेच जानेवारी २०२४ पासून ऑनलाइन आगमन कार्ड बंधनकारक केले, थायलंडने १ मे २०२५ पासून. नाव, पासपोर्ट क्रमांक, विमान, मुक्काम: खाने तेच. व्हिसा न लागणाऱ्यांसाठी ब्रिटनची ऑनलाइन परवानगी सुरू झालीच आहे, युरोपीय संघाची तयारी चालू आहे. व्हिसा गेला तरी आगाऊ माहितीचा फॉर्म जात नाही.

पालघर जिल्ह्याला हा फॉर्म दोन्ही बाजूंनी भेटतो. साठच्या दशकात अणुऊर्जा केंद्र उभारायला अमेरिकी अभियंते तारापूरला राहिले; १९६९ मध्ये ते केंद्र सुरू झाले. आज मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे एक स्थानक बोईसरला होते आहे, वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली, आणि औद्योगिक वसाहतीतल्या रसायन व औषध कारखान्यांत परदेशी खरेदीदार येतात. त्यांना भारताचा व्यावसायिक ई-व्हिसा लागतो आणि त्यासाठी निमंत्रणपत्र कारखान्याच्या ऑफिसातूनच जाते. आपला फॉर्मही काही कमी चौकस नाही: धर्म, आईवडिलांचे जन्मस्थान, आजी-आजोबांपैकी कोणी पाकिस्तानी होते का, दहा वर्षांत कुठे कुठे गेलात. कारखान्याच्या ऑफिसात हे काम करणारा माणूस पाहुण्याच्या पासपोर्टची प्रत आधी मागवतो, नाव त्यावरून उतरवतो, मगच पत्रावर शिक्का मारतो, कारण पाहुणा विमानतळावर अडला तर ऑर्डर अडेल. आपल्या स्वतःच्या सहलीच्या अर्जाला ही शिस्त तोच माणूस लावतो असे नाही.

स्थानिक पातळीवर करण्यासारखी एक गोष्ट आहे आणि तिला कोणाच्या मोठ्या योजनेची गरज नाही. उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला काढायला गेलात तर सेवा केंद्रात दरपत्रक लावलेले असते. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने त्या सेवांना मुदतही आहे. परदेशाच्या व्हिसाला तो कायदा लागू नाही, तो आपल्या सरकारच्या हातातच नाही. पण अर्ज भरून देणे ही पैसे घेऊन दिलेली सेवा आहे आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तिच्यातल्या चुकीची दाद जिल्हा ग्राहक आयोगाकडे मागता येते, पावती असेल तर. म्हणून मागायची ती पावती, आणि तिच्यात दोन ओळी वेगळ्या: यजमान देशाचे शुल्क इतके, आमचे इतके. सोबत भरलेल्या अर्जाची प्रत. जे दुकानदार आजही हे देतात त्यांच्याकडे गर्दी वाढेल, आणि जे ‘पॅकेजमध्ये आले सगळे’ म्हणतात त्यांना पासपोर्टचे पान दाखवण्याआधी २५ डॉलरचे रुपयांत किती होतात, ते मोबाइलवर काढून बघावे.